मांडीचा मान

गेलं वर्षभर आमच्या घरात एकच भांडण चाललं होतं : खरी लस कुणाला मिळाली?

डासांच्या तापावर नवी लस निघत होती आणि आरोग्य केंद्राच्या वरच्या मजल्यावर तिची चाचणी चालू होती. माझे सासू-सासरे, दोघांनीही हौसेनं नावं दिली. निम्म्या लोकांना लस, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय दिलं ते टोचणाऱ्या नर्सलाही ठाऊक नाही, चाचणी संपल्यावरच सांगणार. तोवर माणसानं गप्प बसावं ना? पण गप्प बसणं या दोघांना जन्मात जमलेलं नाही.

सासऱ्यांचं घरातच पुढच्या खोलीत सलून आहे. गिऱ्हाइकाच्या गालाला वस्तरा टेकवून ते सांगायचे, "दंड असा ठणकला होता म्हणून सांगू! खरीच लस ती." वस्तऱ्याखाली कोण कशाला नाही म्हणेल? सासूबाई कपडे शिवतात. त्या आतून मशीन थांबवून ओरडायच्या, "मिठाचं पाणी हो, मिठाचं पाणी!"

मध्यंतरी सासऱ्यांना सणसणून ताप भरला. रक्त तपासलं तर डासांचाच निघाला. पण हार मानतील तर शपथ. "लस होती म्हणून एवढ्यावर भागलं," म्हणाले.

आता यात माझी लेक कुठून आली ते ऐका. तिला गोवराची लस द्यायची होती आणि त्याच दिवशी वरच्या मजल्यावर निकाल होता. दोघांनी परस्पर पैज लावली : ज्याला खरी लस मिळाली असेल, त्याच्या मांडीवर बसून बाळ टोचून घेणार. मी आई! मला कुणी विचारलंसुद्धा नाही. माझं डोकंच फिरलं.

त्या सकाळी सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात गाठलं. "मी हरले तरी बाळ माझ्याकडेच दे हं."

"आई, मांडी मलापण आहे," मी फटकन म्हटलं.

त्या ओट्याकडे बघत म्हणाल्या, "माझा पहिला पोरगा गोवरानं गेला. लस तेव्हा आमच्यापर्यंत पोचलीच नव्हती. एकदा बाळाला मांडीवर घेऊन टोचून घ्यायचंय गं मला."

माझ्या नवऱ्याच्या आधी एक मूल झालं होतं, एवढंच मला माहीत होतं. माझा राग कुठल्या कुठे पळाला. सासूबाईच जिंकाव्यात, असं मनापासून वाटायला लागलं.

केंद्राच्या वरच्या मजल्यावर डॉक्टरीणबाईंनी संगणकात पाहिलं. "आजोबा, तुम्हाला मिठाचं पाणी."

सासूबाईंनी टाळ्याच पिटल्या.

"आजी, तुम्हालाही."

दोघांची तोंडं अशी झाली की मला हसू आवरेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अहो, नाराज काय होता? तुमच्यासारखी मिठाच्या पाण्याची माणसं होती, म्हणून तर लस चालते हे कळलं. आता खरी घेणार का?"

दोघांनी एकदमच बाह्या वर केल्या. आधी कोण, यावरून परत जुंपली.

दोघांचं टोचून झाल्यावर खाली आलो. नर्सनं सिरिंज भरली. "बाळाला कोण घेतंय?"

मी बाळ सासूबाईंकडे दिलं, तर सासऱ्यांनी मध्येच हात घातला. मी चिडून म्हटलं, "बाबा, आईंना घेऊ द्या ना! तुम्हाला माहितीये ना कशासाठी ते?"

"माहितीये की," सासरे म्हणाले. "तो माझाही होता ना गं."

सासूबाईंनी बाकावर सरकून जागा केली. "बसा. पाय तुम्ही धरा, हात मी धरते. आणि वस्तरा धरल्यासारखे नको, हलके धरा."

सुई गेली नि आली. बाळानं केंद्र डोक्यावर घेतलं आणि मिनिटभरात विसरूनही गेलं. हे दोघं मात्र रडत होते नि रडता रडता हसत होते. माझेही डोळे भरून आले.

"झालं, उठा," नर्स म्हणाली.

मागे एक तरुण बाप आपलं तान्हं छातीशी धरून पांढराफटक उभा होता. "मला नाही हो बघवत," तो पुटपुटला.

"मग आणा इकडे!" दोघंही एकदमच म्हणाले.

मी लेकीला घेऊन घरी निघाले तेव्हा रांग दारापर्यंत आली होती. बाकावर ते दोघं पुढचं बाळ कुणाच्या मांडीवर, यावरून कडाकडा भांडत होते.