गळका टब आणि तीन बदकं

मी एक जुना पत्र्याचा टब आहे. मित्रांनो, आधीच कबूल करतो, माझा स्वभाव मत्सरी आहे. तेव्हा माझं सगळंच बोलणं मनावर घेऊ नका.

एका पत्राकाम करणाऱ्या कारागिराने मला ठोकून ठोकून घडवलं. तळाच्या सांध्याला कथील वितळवून डाख दिला, काठ वळवला, पाणी भरून पाहिलं. एक थेंब गळला नाही. मग मी या घरी आलो, तो बबडीसाठी. ती नुकती बसायला लागली होती. तिची आई पाणी भरून मला उन्हात ठेवायची आणि पाणी कोमट झालं की तिला माझ्यात बसवायची. पाणी उडवून दमली की बबडी आतल्या बाजूला, डाव्या कडीखाली गाल टेकून बसायची. ती जागा मी अजून विसरलेलो नाही.

पुढे बबडी मोठी झाली आणि माझी रवानगी परसात झाली. तळाचा डाख सुटला, मी गळू लागलो. "राहू दे, आता कोण वापरतंय?" असं तिचे बाबा म्हणाले. त्या 'राहू दे'त माझी सहा वर्षं गेली.

मग एके दिवशी बबडीने अंडीवाल्या मावशींकडून बदकाची तीन पिल्लं आणली. या घरात बदकं कुणी पाळली नव्हती, त्यामुळे कौतुकाला नुसता ऊत आला. बाबांनी त्यांच्या खोक्यावर उबेसाठी दिवा टांगला. आई त्यांना पाला बारीक चिरून घालू लागली. बबडी तर त्यांना गालाशी धरायची! माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आठव्या दिवशी बबडी म्हणाली, "बाबा, त्यांना पोहायला हवं ना? आपला टब आहे की!"

'आपला टब' ऐकून मी हरखलो. बाबांनी माझं भोक डांबराच्या गोळ्याने बुजवलं. सहा वर्षं माझ्यासाठी न मिळालेला वेळ बदकांसाठी पाच मिनिटांत मिळाला. तेही मी गिळलं.

मला अर्धा भरून पिल्लं आत सोडली.

"अहो, बुडणार नाहीत ना?" आईने विचारलं.

"बदकं आहेत ती! बदकांना कधी कुणी पोहायला शिकवतं का?" बाबा हसले.

थोडा वेळ कौतुक बघून सगळे जेवायला आत गेले. पिल्लांनी माझ्यात घाणही करून ठेवली. मी मनात म्हटलं, राहा आता इथेच.

पण हळूहळू त्यांची पिसं भिजून जड झाली. ती थरथरू लागली. बाहेर यायला काठ उंच आणि माझा पत्रा गुळगुळीत. दोघं नखांनी धडपडत राहिली. सगळ्यांत धाकटं मात्र थकलं आणि त्याने डाव्या कडीखाली मान टेकली. बरोबर त्याच जागी.

मला ओरडता येत नाही, मित्रांनो. डांबर अजून ओलं होतं. ते आपोआप सुटलं की मी सोडलं, हे मला आजही सांगता येत नाही. पाणी भळाभळा वाहत स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी गेलं.

"गळला वाटतं पुन्हा! भंगारातच द्यायला हवा," म्हणत बाबा बाहेर आले आणि माझ्या तळाशी गारठून पडलेली पिल्लं पाहून त्यांनी ती भराभर बाहेर काढली. पाठोपाठ आलेली बबडी रडतच पिल्लांना पंच्यात गुंडाळू लागली.

संध्याकाळी मावशी येऊन रागावल्या. "अगं, यांच्या अंगावरचं पाणी निथळतं ते आईच्या पंखाखाली बसून लागणाऱ्या तेलाने. यांना आई कुठेय? सध्या पाणी हवं यांच्या घोट्याएवढं, अन् तेही तुम्ही समोर बसून!"

तिन्ही वाचली. बाबांना वाईट वाटलं असावं. ते म्हणाले, "उद्या याला पक्का डाख देऊन आणतो."

सहा वर्षं मी याच वाक्याची वाट पाहत होतो. पण बबडी म्हणाली, "नको बाबा. तो गळला म्हणून तर ही वाचली. गळकाच राहू दे त्याला." आणि तिने डाव्या कडीखाली हात ठेवला.

आता माझ्यात दोन विटांची पायरी आहे आणि पाणी गळेल तसं बबडी समोर बसून भरत राहते. बदकं ऐटीत येतात, घाण करतात आणि कौतुक करून घेऊन जातात. मी अजूनही जळतो. तरी एवढं सांगतो, मित्रांनो, कुणालाही पाण्यात सोडाल तेव्हा वर यायची पायरी आधी ठेवा. आणि जाताना टबावरूनही एकदा हात फिरवा.