एकतीस नंबरचे अंगण

"थुंकतोयस की हाक मारतोयस?" नेस्टाने विचारले आणि नातीच्या अंगावरची शाल उगाचच झटकली.

डीनने तोंड मिटून घेतले. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी त्याच्यासमोर मेरेरिद बसली होती आणि तिच्या मांडीवर एकोणीस दिवसांची मुलगी झोपली होती. मुलीला अजून नाव नव्हते. म्हणजे मेरेरिदच्या मनात ते होते. डीनच्या तोंडात ते बसत नव्हते.

"आई, तू गप्प बस जरा," मेरेरिद म्हणाली. "डीन, पुन्हा म्हण."

"ख्लैकी."

"घशातून नको. घशात काहीच होत नाही."

"श्लैकी."

"हे आधीपेक्षा बरं," नेस्टा म्हणाली. "निदान शाल कोरडी राहिली."

डीनलाही हसू आले, पण ते टिकले नाही. "मेगन काय वाईट आहे? सुटसुटीत नाव. कुणालाही येतं."

"आपल्या रस्त्यावर तीन मेगन आहेत. त्यातली एक कुत्री आहे."

डीन प्रॉसर पूर्वेकडच्या कोळसाखाणींच्या खोऱ्यातला. त्याची आजी आपल्या बहिणीशी वेल्शमध्ये बोलत असे आणि मुले खोलीत आली की वाक्य अर्धवट टाकून इंग्रजीकडे वळत असे. त्या घरात भाषा अशी उंबरठ्यावरच थांबली. बारा वर्षांपूर्वी दुधाचा टँकर चालवायला डीन पश्चिमेकडे आला, इथेच त्याचे लग्न झाले, आणि ऐकून ऐकून त्याला बरेच समजू लागले. मोडकेतोडके बोलताही येई. फक्त मुलीच्या नावाच्या सुरुवातीचा तो एक आवाज, ज्याने इथल्या निम्म्या गावांची आणि शेतांची नावे सुरू होतात, त्याने मोठ्या कौशल्याने चुकवला होता. त्याच्या फेरीवरच्या शेतांना तो पावतीवरच्या नंबरांनी ओळखे. सव्वीस नंबर, एकतीस नंबर. लोकांना ती त्याची थट्टेची रीत वाटे. खरे कारण एकट्या मेरेरिदला ठाऊक होते.

नावाचे स्पेलिंग वाचून त्याच्या आईने फोनवर विचारले होते, "लूकू? हे मुलीचं नाव आहे की कोंबड्यांना बोलावताय?"

तेही त्याने हसण्यावारी नेले होते. आता मात्र तो गंभीर झाला. "शाळेत, दवाखान्यात, जिथं जाईल तिथं ती नावच समजावून सांगत बसणार."

"लोकांचं सोड. तुझं सांग."

डीनने टेबलावरचा कप फिरवला. "उद्या ती मैदानात खेळत असेल. मैत्रिणी असतील भोवती. मी कडेला उभा राहून हाक मारणार, आणि तोंडातून हे असलं काहीतरी येणार. तिला लाज वाटेल गं. बापाला आपलं नाव घेता येत नाही म्हणून."

नेस्टाने उठून किटली चुलीवर ठेवली. 

"मग शीक," मेरेरिद म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "नोंदणी बेचाळीस दिवसांच्या आत करायची असते. तेवीस दिवस आहेत. आणि एक सांगते, कचेरीत जायच्या आधी ईद्वालला विचारायचं. ते तू विचारायचंस. तू दिवसाआड त्याच्या अंगणात असतोस."

"मी?"

"हो. आणि त्याच्यासमोर तिचं नाव मोडून घ्यायचं नाही."

जिचे नाव मुलीला द्यायचे होते ती ल्हैकी ही ईद्वालची बायको. चार वर्षांपूर्वी ती वारली. चॅपेलमध्ये रविवारची शाळा तीच चालवी. मेरेरिद आठ वर्षांची असताना वार्षिक स्पर्धेत कविता म्हणायला व्यासपीठावर चढली आणि दुसऱ्याच ओळीला अडली. सभागृह भरलेले. तेव्हा पहिल्या रांगेत बसलेल्या ल्हैकीने आवाज न काढता ओठांनी ती ओळ म्हटली, मग पुढची, मग त्यापुढची, शेवटपर्यंत. मेरेरिदने तिच्या ओठांवरून सगळी कविता वाचली. बक्षीस मिळाले नाही. घरी जाताना ल्हैकी तिला एवढेच म्हणाली होती, "खाली उतरली नाहीस ना? झालं तर." ईद्वाल आणि ल्हैकीला मूलबाळ नव्हते. त्या खोऱ्यात आता त्या नावाचे कोणीच उरले नव्हते.

ईद्वालचे शेत म्हणजेच एकतीस नंबर. फेरीतले सर्वांत लहान. तीस गाई, आणि अंगण इतके अरुंद की टँकर मागे घेताना आरशात गोठ्याची भिंत वीतभर अंतरावर दिसे. दोन दिवसांनी डीन तिथे पोहोचला तेव्हा ईद्वाल नेहमीप्रमाणे दूधखोलीच्या दाराशी उभा होता, हात खिशात, पायाशी मोट नावाचा म्हातारा कुत्रा.

डीनने दुधाचे तापमान पाहिले, झाकण उघडून वास घेतला, नमुन्याची बाटली भरली, नळी जोडली आणि पंप चालू केला. मग त्या आवाजाच्या आडोशाने विचारले, "ईद्वाल, तुमच्या शेताचं नाव कसं म्हणतात?"

म्हाताऱ्याने खिशातून हात काढले. "नऊ वर्षं येतोयस तू इथं."

"हो."

"नऊ वर्षं मला एकतीस नंबर म्हणतोयस. मी म्हटलं, असेल याची गंमत." इथे माणसाला त्याच्या शेताच्या नावानेच हाक मारतात, ईद्वाल नावाचे लोक पुष्कळ असतील, ल्हुइन-ऑन नावाचे शेत आणि त्या नावाचा माणूस एकच. "तुला येतच नाही होय रे?"

"नाही येत."

"अरे देवा! आणि मी तुला शिष्ट समजत होतो." ईद्वालचे खांदे हसण्याने हलले. "आत्ताच कशाला हवंय पण?"

"मुलीच्या नावात आहे."

"काय ठेवताय नाव?"

"म्हणता आलं की सांगतो."

"मग बाप्तिस्म्याला शिट्टीच वाजव." पण तो जवळ आला. "हे बघ. 'ल' म्हणायचंय असं समज. जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागं टेकव. टेकवलं? आता ते हलवायचं नाही. आवाज काढायचा नाही. नुसती हवा सोड, जिभेच्या कडांनी. मांजर चिडल्यावर सोडतं तशी."

डीनने सोडली.

"हे मांजर आजारी आहे," ईद्वाल म्हणाला. "जा, गाईंसमोर म्हण. गाई हसत नाहीत."

पुढचे तीन आठवडे डीन सगळीकडे तो आवाज बरोबर घेऊन हिंडला. टँकरच्या पुढच्या काचेवर आतून तुषार साचत आणि तो बाहीने ते पुसे. डेअरीच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याने विचारले, दात काढून घेतलास का. एकतीस नंबरला तर पंप चालू झाला की शिकवणी सुरू होई. पाच-सहा मिनिटे, तेवढ्यात ईद्वाल एखादा शब्द देई, डीन तो गाईंना ऐकवी, आणि नळी गुंडाळताना निकाल लागे. "आज मांजर बरं आहे." "आज जीभ घसरली." याच दिवसांत ईद्वालने एकदा सहज सांगितले की महिनाअखेरीस गाई विकतोय, गुडघे ऐकत नाहीत आणि मागे कोणी नाही. डीनने तारीख मनात मोजली. मुलीचा तो एक्केचाळिसावा दिवस होता.

दरम्यान परिचारिका घरी येऊन बाळाचे वजन करून गेली. कागदावरचे नाव वाचून म्हणाली, "लूकू! किती गोड." मेरेरिदने शांतपणे नाव पुन्हा सांगितले. डीन दाराशी उभा होता. आपल्यासारखेच आणखी कोणाला येत नाही, याचे त्याला आधी बरे वाटले. आणि लगेच त्या बरे वाटण्याची लाज वाटली. त्या संध्याकाळी तो परसात गेला आणि कपडे वाळत घालण्याच्या दोरीखाली अंधार पडेपर्यंत उभा राहिला. खिडकीतून नेस्टाला त्याचे हलणारे ओठ दिसत होते. तिने पडदा ओढून घेतला.

एक्केचाळिसाव्या दिवशी डीनने टँकर अंगणात घेतला तेव्हा गोठ्यात गाई होत्या. त्यांना न्यायला गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती. ईद्वालने दाढी केली होती. तापमान, वास, नमुना, नळी. दूध संपले, पंप बंद झाला. ईद्वालने आत जाऊन टाकी थंड ठेवणारे यंत्रही बंद केले. तीस वर्षे ते अखंड घरघरत होते. आता अंगण एकाएकी मोठे वाटू लागले.

पंपाच्या आडोशाने विचारायचे डीनने ठरवले होते. आडोसा उरला नाही. त्याने टोपी काढली.

"ईद्वाल, मला विचारायचं होतं. मुलीचं नाव आम्हाला ल्हैकी ठेवायचंय. तुमची हरकत नसेल तर."

ईद्वाल हलला नाही. हलला तो मोट. दूधखोलीच्या दाराशी पडलेला तो कुत्रा कान टवकारून उठला, आखडलेल्या पायांनी अंगण ओलांडून घराच्या मागच्या दारापाशी गेला आणि फटीला नाक लावून उभा राहिला. त्याची शेपटी सावकाश हलत होती.

"संध्याकाळी इथूनच हाक मारायचो मी," ईद्वाल म्हणाला. "दूध काढून झालं की. चहा टाक म्हणून." त्याने हात पुन्हा खिशात घातले. "ती गेल्यापासून सगळे 'ती' म्हणतात. नाही तर 'बिचारी'. नाव कोणी घेत नाही. मीसुद्धा नाही. हाक मारू कुणाला?"

"चुकलं का माझं?"

"मला काय विचारतोस?" ईद्वालने हनुवटीने कुत्र्याकडे खूण केली. "त्याला विचार. त्याला फसवता येत नाही."

डीनने टोपी हातात फिरवली. "लोक मोडतील हे नाव. जन्मभर."

"मोडतील. तिचंही मोडलंच की. बँकेतला तो माणूस तिला लूसी म्हणायचा. दर वेळी ती त्याला नीट नाव सांगायची, न चिडता. पुढच्या महिन्यात पुन्हा लूसी. पुन्हा ही सांगायची. बावीस वर्षं."

"दमल्या नाहीत?"

"ती कसली दमतेय! तो दमला. निवृत्त झाला." म्हाताऱ्याचे डोळे ओले होते, पण ओठ हसत होते. "लोक चुकू देत. घरात एक जण चुकत नसला की पोर निभावून नेतं. उद्या जाताय ना कचेरीत?"

"दहा वाजता."

"मग जा. इथं वेळ काढू नकोस."

डीनने नळी गुंडाळली, झाकण आवळले, पावतीचा कागद फाडून ईद्वालला दिला. नेहमी तो एवढ्यावरच निघे. आज त्याने हात पुढे केला. "येतो, ल्हुइन-ऑन."

ईद्वालने तो हात आपल्या दोन्ही हातांत धरला. "या घरी घेऊन तिला," तो म्हणाला. "चालायला लागली की."

टँकर फाटकापाशी पोहोचला तेव्हा डीनने आरशात पाहिले. ईद्वालने दूधखोलीतला पाइप ओढून आणला होता आणि तो रिकामी टाकी धूत होता, रोजच्यासारखी, कोपऱ्यांतून ब्रश फिरवत. अंगणापलीकडे मोट अजून दाराशीच उभा होता.