लांडग्याचा आवाज

"परत फाडला मेल्याने," ताई माझ्या कानाजवळ पुटपुटली. "आता पुढच्या पानावर ह्याला घालू काय?"

मी टाइप करत होते आणि ती माझ्या खुर्चीमागे उभी राहून सांगत होती. मेला म्हणजे आमचा नायक. चिडला की त्याचा लांडगा होतो आणि लांडगा होताना दर वेळी शर्ट फाटतो. वीस पुस्तकं झाली, एकविसावं चालू आहे, पण ह्या कळपाचा शिंपी कोण ते अजून कळलेलं नाही. मी असं म्हटलं की ताई हसते आणि म्हणते, "तू गप टाइप कर."

त्या दिवशी मी तसं म्हटलं, पण ती हसली नाही. आतल्या खोलीत बिट्टीचा फोन वाजत होता आणि तो थांबायची आम्ही दोघी वाट बघत होतो.

बिट्टी ही ताईची एकुलती एक मुलगी. लग्न होऊन दोन वर्षं झालेली. गुरुवारी ती एकटीच आली, एक बॅग घेऊन. "घरी रंगकाम काढलंय," म्हणाली. कोणता रंग, हे कोणी विचारलं नाही. मी मावशी, मी तरी विचारायचं. मी विचारलं, "चहा टाकू?"

फोन थांबला. मग आतून फोटो काढल्याचा बारीक आवाज आला. आपण कुठे बसलोय याचा फोटो ती नवऱ्याला पाठवते. पलंग, भिंत, खिडकी.

"त्याला करमत नाही गं हिच्याशिवाय," ताई म्हणाली. मी काही विचारलंच नव्हतं.

ताई लिहायला लागली ती लॉन्ड्रीच्या काउंटरवर, गिऱ्हाईक नसेल तेव्हा. लिहायचं कसं हे तिला कोणी शिकवलं नाही, त्यामुळे आमच्या घरात आमचीच एक पद्धत पडली. आठवड्यात झालेलं प्रकरण रविवारी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मोठ्याने वाचायचं. बोलण्याबाहेरचं सगळं माझ्याकडे. म्हणजे जंगल, चंद्र आणि शर्ट. नायिका बिट्टीची. लांडगा वाचायचे भाऊजी. ते फ्रीज दुरुस्त करतात. "तू माझी आहेस, कायमची" हे वाक्य ते "कॉम्प्रेसर गेलाय, बदलावा लागेल" ह्याच सुरात म्हणायचे. वाचताना कोणाच्या तोंडात वाक्य बदललं, तर बदललेलं वाक्य ठेवायचं. जे तोंडात बसत नाही ते पानावर काय बसणार, असं ताईचं म्हणणं.

मग जावई आला. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासतो. आवाज इतका मऊ की समोरच्याला वाटावं, आपल्याच मनात कोणीतरी बोलतंय. वर बघा, खाली बघा, आता माझ्याकडे. ताईच्या सहीसाठी वाचकांची रांग लागली होती, त्या रांगेत त्याची आणि बिट्टीची ओळख झाली. सगळी पुस्तकं त्याच्याकडे होती, कव्हर घातलेली. पहिल्याच रविवारी भाऊजींनी त्याच्या हातात कागद दिले. "घ्या जावईबापू. सुटलो मी."

त्याने वाक्यावर एकदा नजर टाकली आणि मग कागदाकडे न बघताच म्हटलं. मी पुढचं जंगल वाचायचं विसरले.

आणि तो वाक्यं बदलायचा. "तू आज हसलीस. मी तिथे नव्हतो, तरी कुणाकडे बघून हसलीस ते मला माहीत आहे." हे त्याचं. "कडी माझ्यासाठी लावलीस की माझ्यामुळे?" हेही त्याचंच. ताई पेन्सिलीने भराभर समासात लिहून घ्यायची. प्रकाशनाच्या बाईंचा फोन आला, "ताई, लांडगा आता कुठे जिवंत झालाय!" पूर्वी वाचक बायका विचारायच्या, माणसात परत येताना ह्याची पँट कुठून येते? ते विचारणं बंद झालं. आता त्या लिहायच्या, असा नवरा कुठे मिळतो?

आम्हीही खूश होतो. तो ही वाक्यं आणतो कुठून, हे आमच्यापैकी कोणाच्या मनात आलं नाही. किंवा आलं असेल आणि आम्ही त्याला बसायला जागा दिली नसेल.

शुक्रवारी भाऊजींनी बिट्टीच्या खोलीला आतून नवी कडी बसवली. "जुनी गंजली होती," ते हत्यारं आवरता आवरता म्हणाले. जुनी चांगली होती. त्या खोलीत एरवी मी झोपते, मला माहीत आहे. बिट्टीने कडी दोनदा लावून बघितली आणि वडिलांना म्हणाली, "छान आहे." वडील म्हणाले, "हो, छान आहे." एवढ्यावर बापलेकींचं बोलणं संपलं. जेवताना ती भिंतीला पाठ लावून बसायची आणि दाराबाहेर पाऊल वाजलं की तिचा घास हातातच राहायचा. ताई अशा वेळी तिच्या ताटात आणखी वाढायची.

आणि ताई लिहीत होती. एरवी ती एका पानावर दिवस घालवते. ह्या वेळी बोलत सुटली, माझी बोटं दुखायला लागली. नायिका पळून आईच्या घरी आली आहे. लांडगा माग काढत दाराशी आला आहे.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, उघडते ती दार."

"का उघडते?"

ताईने माझ्याकडे बघितलं नाही. "उघडलेलं आवडतं वाचकांना."

"आणि नायिकेला?"

"तू गप टाइप कर," ती म्हणाली. पण हसत नव्हती.

रविवारी सकाळी तो आला. हातात फळांची पिशवी, इस्त्रीचा शर्ट. ताईच्या पाया पडला, भाऊजींच्या पडला, माझ्या पडणार तेवढ्यात मी ओट्याकडे वळले. "रंगकाम झालं, आई," तो म्हणाला. "वाचन आटपलं की निघतो आम्ही. बिट्टी, बॅग भरलीस?"

"भरते," बिट्टी म्हणाली.

"नंतर भर. आधी लांडगा." तो हसला. आम्हीही हसलो. त्याने आपली खुर्ची उचलली आणि दाराच्या बाजूला, तिला लागून ठेवली. आता तिला उठायचं तर त्याला पाय बाजूला घ्यावे लागले असते.

मी सुरुवात केली. पावलांच्या खुणा, अंगणातला उजेड, दारावर नखांचा आवाज. मग त्याचं वाक्य. लिहिलेलं होतं, 'मी आलोय.' तो थांबला. कागद त्याने टेबलावर उलटा ठेवला आणि तिच्याकडे बघत म्हणाला, "मला माहीत होतं, तू इथेच येणार. दुसरं आहेच कोण तुला?"

सवयीने ताईची पेन्सिल समासाकडे गेली. 'मला माहीत होतं' एवढं लिहून झालं आणि हात थांबला. तिने लेकीकडे बघितलं, मग परत त्या तीन शब्दांकडे, आपल्याच हाताने लिहिलेल्या.

बिट्टीचं वाक्य होतं, 'ये ना आत, मी वाटच बघत होते.' तिने ते वाचलं नाही.

"चहा टाकू का?" मी म्हटलं.

"तो फ्रीज फार आवाज करतोय," भाऊजी म्हणाले. फ्रीज बंद होता, सकाळी त्यांनीच साफसफाईला उघडून ठेवला होता.

"एवढं लांब वाक्य नको होतं का गं?" ताई म्हणाली. "कापते मी. नुसतं 'ये' ठेवू."

"छान आहे वाक्य, आई," जावई म्हणाला. "ती थकलीये. इथे झोप झालेली दिसत नाही तिची." आणि त्याने तिच्या मानेवर हात ठेवला, मागून, केसांखाली.

आमच्या प्रत्येक पुस्तकात हे आहे. लांडगा मानेवर हात ठेवतो आणि ती शांत होते. हे वाक्य मी इतक्या वेळा टाइप केलंय की बोटं आपोआप चालतात. आज पहिल्यांदा मी ते समोर बघितलं. बिट्टी खरोखर शांत झाली. खांदे वर गेले, पापण्या हलायच्या थांबल्या, ओठ मिटले. मांजराला मानेला धरून उचललं की पाय आपोआप पोटाशी जातात, तशी ती शांत झाली होती.

भाऊजींनी खुर्ची मागे सरकवली. उठले मात्र नाहीत. एवढा मोठा माणूस, एकट्याने फ्रीज जिन्यावरून उतरवणारा, टेबलाची कड धरून बसला होता.

"सगळे का थांबले?" जावई मऊ आवाजात म्हणाला. "रंगलं होतं की. वाच ना, बिट्टी. आई लिहून घेतील."

बिट्टीने कागद जवळ ओढला. आम्हाला वाटलं वाचते. बरं वाटलं, हेही खरंच सांगते. वाचेल, प्रकरण संपेल, दोघं निघतील, आम्ही दारात हात हलवू आणि रात्री फोन करून विचारू, पोहोचलात का. तिने कागदावरचं ते वाक्य बघितलं. मग मानेवरचा हात दोन बोटांनी धरून बाजूला केला, दुसऱ्याची वस्तू त्याला परत द्यावी तसा.

"आई, पेन्सिल ठेव खाली," ती म्हणाली. आवाज वाचनाचाच होता, स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असा. "मला ह्याची भीती वाटते. मी ह्याच्याबरोबर जाणार नाही."