बारा किलोंचं उत्तर

७८.२

या वजनाच्या बाईला कुणी प्रश्न विचारत नाही. सल्ले देतात.

अठ्ठ्याहत्तर किलो दोनशे ग्रॅम. आकडा खरा, कारण काटा खरा. क्षिप्रा आठल्ये वैधमापन खात्यात निरीक्षक होती. कल्याणच्या बाजारातल्या दुकानदारांचे तराजू-काटे तपासायचे, खरे निघाले तर शिक्का मारायचा, ही तिची एकोणीस वर्षांची नोकरी. घरी माणसाचं वजन करायचा काटा घेतला तेव्हा तिने तो आधी ऑफिसात नेला आणि त्याच्यावर सरकारी वजनं चढवून पाहिली. दोनशे ग्रॅम कमी दाखवत होता. तिने तो दुकानदाराच्या पुढ्यात आपटला आणि दुसरा आणला.

काटा कशाला आणला, ते आधीच सांगून टाकलेलं बरं. लपवाछपवी माणसांनी करावी, गोष्टीने करू नये.

तिचा भाऊ सौमित्र, वय एक्कावन्न, ठाकुर्लीला राहायचा. त्याचं लिव्हर गेलं होतं. आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवला नव्हता, तरी गेलं. बहिणीच्या लिव्हरचा तुकडा त्याला बसवता येईल असं डॉक्टर म्हणाले. रक्तगट जुळला, सगळं जुळलं, एकच गोष्ट नडली. बहिणीच्या लिव्हरवरही चरबी होती.

‘‘बारा किलो उतरवा,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘चरबी उतरेल. तीन महिने आहेत. तीन म्हणजे तीनच.’’

बाहेर बाकावर बसून सौमित्रने तिचा हात धरला. त्याची मुलगी वल्लरी बंगलोरला नोकरीला होती आणि सहा डिसेंबरला तिचं लग्न होतं.

‘‘लग्न होईपर्यंत कुणाला कळता कामा नये, क्षिपू. वल्लरीलाही नाही. लिव्हर म्हटलं की लोकांना बाटलीच दिसते. तिच्या सासरचे काय म्हणतील?’’

एक्कावन्न वर्षांचा भाऊ हॉस्पिटलच्या बाकावर रडायला लागला की बहीण कशालाही हो म्हणते. क्षिप्रा हो म्हणाली.

७४.९

लिफ्टमध्ये, चौथ्या मजल्यावरची संचिता: ‘‘कसं केलंस गं? मला पण सांग ना!’’

दिलेलं उत्तर: ‘‘चालते.’’

न दिलेलं उत्तर: रोज सकाळी सहा किलोमीटर. डोंबिवलीच्या नाइन्टी फीट रोडने कल्याणच्या दिशेने तीन, परत तीन. गुडघे ओरडतात, मी ऐकत नाही. साखर बंद, तेल नावापुरतं. काल स्वप्नात बटाटेवडा आला होता. त्यालाही नाही म्हटलं.

बाजारात, धान्याचा व्यापारी दौलतशेठ: ‘‘मॅडम, वजन लई घटवलं तुम्ही. कसं काय?’’

दिलेलं उत्तर: ‘‘तुम्ही घटवता तसंच. हळूहळू, गिऱ्हाइकाच्या लक्षात येऊ न देता.’’

शेजारचे दोन गाळे खो खो हसले. दौलतशेठने त्या महिन्यात आपणहून काटा तपासायला आणला.

ऑफिसात, समोरच्या टेबलावरच्या रमाबाई. यांनी प्रश्न विचारायला डबा खायची वेळ निवडली, म्हणजे सगळ्यांना ऐकू जावा.

‘‘क्षिप्रा, एक विचारू? लग्न केलं नाहीस, आता चव्वेचाळिशीत ही फिगर कुणासाठी गं? कोणी आहे का?’’

‘‘आहे एक.’’

ऑफिसातल्या सगळ्या पोळ्या हवेत थांबल्या.

‘‘अगंबाई! कोण?’’

‘‘एक्कावन्न वर्षांचा आहे. लग्न झालेला. एक मुलगी आहे. मी त्याच्याशिवाय राहू शकत नाही.’’

यातला एकही शब्द खोटा नव्हता. क्षिप्राने काकडी कचाकचा चावली आणि डबा बंद केला. चार वाजेपर्यंत ही बातमी दुसऱ्या मजल्यावर पोचली होती. जाऊ दे पोचते तर, असं म्हणायची ताकद वजनासारखीच आहे. रोज थोडी थोडी कमवावी लागते.

७१.३

मग केळवणं सुरू झाली.

केळवण म्हणजे लग्नाआधी नातेवाइकांनी वधूला जेवायला बोलवायचं आणि तिच्यासोबत जो जो येईल त्याला उठता येणार नाही इतकं वाढायचं. वाढणं म्हणजे आग्रह. पान पुसून काढलंत तरी आणखी वाढतात आणि पानात टाकलंत तर आवडलं नाही का म्हणून विचारतात. यातून सुटायला एकच वाट असते, आजारपण. आणि नेमकी तीच वाट आठल्यांच्या घरात बंद होती.

पहिलं केळवण कल्याणला हरिहरकाकांकडे. काका ब्याऐंशी वर्षांचे, ताठ. सौमित्र दारातून आत आला. डोळ्यांचा पिवळेपणा दिसू नये म्हणून त्याने काळपट काचांचा चष्मा लावला होता, आणि सैल झब्ब्याखाली पोट पुढे आलं होतं. परवाच त्या पोटातून चार लिटर पाणी काढलं होतं. पुन्हा भरत आलं होतं.

काकांनी त्या पोटावर थाप मारली.

‘‘वा, सौमित्र! तब्येत सुधारली हो तुझी. लेकीचं लग्न मानवलं म्हणायचं!’’

सौमित्र हसला. त्याची बायको हेमा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली.

मग काका क्षिप्राकडे वळले. ‘‘आणि तुला काय झालं गं? गालफडं बसली पार. काही लपवत तर नाहीस ना?’’

जो मरायला टेकला होता त्याचं अभिनंदन चाललं होतं, आणि जी आयुष्यात पहिल्यांदा दोन जिने न थांबता चढून आली होती तिच्याकडे सगळे हळहळून बघत होते. क्षिप्राला हसू आलं. ते तिने ताकाबरोबर गिळलं. साखरभात तिने पानात तसाच ठेवला आणि ‘‘आवडला नाही का?’’ या प्रश्नाला ‘‘नाही’’ असं उत्तर दिलं. त्या घरात हे उत्तर याआधी कुणी दिलेलं नव्हतं.

संध्याकाळी ‘आठल्ये परिवार’ ग्रुपवर फोटो आला. खाली:

वल्लरी किती गोड दिसतेय!

सौमित्रदादा एकदम ठणठणीत.

क्षिप्राला कुणीतरी चांगल्या डॉक्टरकडे न्या.

हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे.

हा मेसेज डिलीट करण्यात आला आहे.

डिलीट झालेल्या दोन ओळींत जे होतं ते आठवड्याभरात ठाण्याला पोचलं. तिथे वल्लरीचा होणारा नवरा सलील आणि त्याची आई सुहासिनीताई राहत होते. पोचेपर्यंत त्याने चांगलं बाळसं धरलं होतं. मुलीच्या आत्याला मोठा आजार आहे. तो त्यांच्या घराण्यातच आहे. लग्न उरकेपर्यंत दाबून ठेवलंय.

६८.७

सौमित्रचा फोन.

‘‘क्षिपू, रविवारी विमलमावशीकडे केळवण आहे ना, नौपाड्याला? ती सलीलच्या घरच्यांनाही बोलावतेय. स्थळ तिनेच आणलं होतं.’’

‘‘माहीत आहे.’’

‘‘त्या सुहासिनीताई तुला विचारणार. मावशी म्हणत होती. तू… थायरॉइड सांग. गोळ्या चालू आहेत म्हण. थायरॉइडला कुणी काही म्हणत नाही. अर्ध्या डोंबिवलीला आहे.’’

‘‘मला थायरॉइड नाहीये, दादा.’’

‘‘अगं, म्हणायचं फक्त.’’

‘‘एकोणीस वर्षं लोकांचे काटे सील करतेय मी. पन्नास ग्रॅमसाठी. आणि तू मला सांगतोस, म्हणायचं फक्त?’’

पलीकडे त्याचा श्वास ऐकू येत होता. हल्ली बोलतानाही त्याला धाप लागायची.

‘‘मी सांगणार नाही कुणाला,’’ ती म्हणाली. ‘‘शब्द दिलाय. पण माझ्या अंगाला तू आजार चिकटवायचा नाहीस. हे अंग मी घासूनपुसून तुझ्यासाठी तयार केलंय. ते आजारी आहे असं मी म्हणणार नाही.’’

‘‘मग काय सांगशील?’’

क्षिप्राने फोन ठेवला. तिला तरी कुठे माहीत होतं?

६७.४

अजून बाराशे ग्रॅम. गुरुवारी पुन्हा स्कॅन.

नौपाड्यात मावशीच्या घरच्या हॉलमध्ये टेबलं जोडून दहा पानं मांडली होती. वल्लरी आणि सलील मधोमध, रांगोळीच्या समोर. सौमित्र एका टोकाला, चष्मा लावून. सुहासिनीताई नेमक्या क्षिप्राच्या समोर बसल्या. शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका, कॉटनची कडक साडी, आणि समोरचा बोलायचा थांबला तरी त्याच्याकडे बघत राहायची सवय.

वरणभात झाला. अळूवडी झाली. मग विमलमावशी जिलब्यांचं ताट घेऊन निघाली आणि त्याच वेळी सुहासिनीताईंनी विचारलं, शांतपणे, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

‘‘क्षिप्राताई, कसं कमी केलंत हो एवढं वजन?’’

हेमाच्या हातातला चमचा वाटीवर वाजला. टेबलाच्या त्या टोकाकडून काळपट काचा क्षिप्राकडे वळल्या. थायरॉइड. एक शब्द. गोळीएवढा.

‘‘चालून,’’ क्षिप्रा म्हणाली. ‘‘आणि कमी खाऊन.’’

‘‘तेवढंच?’’

‘‘एवढीशी जिलबी घे बाई!’’ मावशी डोक्याशी येऊन उभी. ‘‘पोरीचं केळवण आहे. एका जिलबीने काय होतंय?’’

एका जिलबीने काय होतं ते या टेबलावर फक्त तिघांना माहीत होतं. क्षिप्राने पानावर हात आडवा धरला. मावशीने सवयीने सोडलेली जिलबी हातावर पडली आणि गरम पाक मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला.

‘‘अगंबाई!’’

क्षिप्राने जिलबी उचलून ताटात परत ठेवली आणि पाक न पुसता सुहासिनीताईंकडे बघितलं.

‘‘तुम्हाला काय विचारायचंय ते मला कळलंय. मला काही झालेलं नाही. माझ्यासारखी ठणठणीत बाई आज या टेबलावर नाही. हवे तर माझे सगळे रिपोर्ट दाखवते. वजन मी ठरवून उतरवलंय, ग्रॅम ग्रॅम मोजून. का, ते सांगणार नाही. थायरॉइड आहे असं सांग, असं मला सांगितलं होतं. तेही सांगणार नाही, कारण ते खोटं आहे. याच्यावर लग्न मोडायचं असेल तर मोडा. पण मी आजारी आहे म्हणून मोडू नका, तेवढं मी चालू देणार नाही.’’



‘‘कुणी सांगितलं होतं?’’ सुहासिनीताई म्हणाल्या.



‘‘मी.’’

सौमित्र उभा राहायचा प्रयत्न करत होता. तो त्याला जमला नाही, म्हणून त्याने बसल्या बसल्याच चष्मा काढला आणि पानाशेजारी ठेवला. हॉलमधल्या दिव्याखाली त्याचे डोळे हळदीचे दिसत होते.

‘‘लिव्हर?’’ सुहासिनीताईंनी विचारलं.

‘‘हो. दारू नाही. कधीच नाही.’’

‘‘मी विचारलं नाही.’’

‘‘लोक विचारतात. न बोलता.’’ त्याने टेबलाच्या कडेला दोन्ही हात टेकले. ‘‘क्षिप्राच्या लिव्हरचा तुकडा मला बसवणार आहेत. त्यासाठी तिने वजन उतरवलंय. चौदा डिसेंबरला ऑपरेशन. लग्न पार पडू दे म्हणून मीच सगळ्यांना गप्प बसवलं.’’

‘‘बाबा,’’ वल्लरीचा आवाज फाटला, ‘‘तुम्ही ॲसिडिटी म्हणाला होतात. मी बंगलोरहून जेलुसिलच्या बाटल्या आणत होते.’’

त्या तीन बाटल्या ठाकुर्लीच्या कपाटात सील न फोडता ठेवलेल्या होत्या.

सुहासिनीताईंनी वाटी बाजूला सारली. ‘‘हे मला दोन महिन्यांपूर्वी सांगायला हवं होतं.’’

‘‘हवं होतं,’’ सौमित्र म्हणाला.

‘‘मी चिडलेय. आणि हा राग लग्नापर्यंत निवळेल असं वाटत नाही.’’ मग त्या मुलाकडे वळल्या. ‘‘सलील, बाली कधीचं आहे तुमचं?’’

‘‘दहा तारखेला निघणार होतो, आई.’’

‘‘ते रद्द कर. हिचे वडील आणि आत्या ऑपरेशनच्या टेबलावर, आणि ही समुद्रात?’’

‘‘करतोय ना,’’ सलील म्हणाला. त्याने फोन आधीच हातात घेतला होता.

हेमा पदर तोंडाला लावून आत गेली. वल्लरी उठली. ती वडिलांकडे जाईल असं सगळ्यांना वाटलं, क्षिप्रालाही. पण ती आली आत्याच्या खुर्चीमागे आणि खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. हात बराच जड होता.

‘‘किती राहिलंय, आत्या?’’

‘‘बाराशे ग्रॅम. गुरुवारपर्यंत.’’

विमलमावशी एवढा वेळ ताट धरून तशीच उभी होती. चौसष्ट वर्षं वाढायची सवय असलेला हात आपोआप पुढे झाला. ‘‘बरं, मग जिलबी राहू दे. मठ्ठा तरी? वाटीभर भात? अगं, एवढं ऑपरेशन म्हणजे अंगात ताकद…’’

वल्लरीने क्षिप्राच्या पानावर दोन्ही पंजे पसरले. केळवणासाठी कालच काढलेली मेंदी त्यांच्यावर लालभडक उठली होती.

‘‘आत्याला वाढू नका.’’

‘‘अगं पण उपाशी कशी उठेल ती माझ्या घरातून? काय देऊ मग तिला?’’

‘‘काकडी,’’ क्षिप्रा म्हणाली. मनगटावरचा पाक आता चिकट झाला होता. तो चाटायची इच्छा तिने गेल्या पाच मिनिटांत तीनदा मोडून काढली होती. ‘‘आणि हात पुसायला ओला नॅपकिन. लवकर आण, मावशी. माझा भरवसा नाही.’’