रानबाईचा अंगरखा

“अगं बाई, ही उघडीच आली की!”

तापल्या तव्याला हात लागावा तसा केशरबाईंनी माउस सोडून दिला. तो टेबलावरून घसरला आणि वायरीला लोंबकळत राहिला. शीला शेजारच्या मशीनवर प्राचीला फाइल जपून कशी ठेवायची ते दाखवत होती. ती वळली, आणि तिनेही पाहिलं.

पडद्यावर जंगलातली तीच पायवाट होती. तोच ओढा, तेच पडकं देऊळ. खेळातल्या रानबाईच्या हातात कंदीलही तोच. फक्त तिच्या अंगावरचा पायघोळ हिरवा अंगरखा गेला होता. अंगावर काहीच नव्हतं.

आणि त्याहून वाईट म्हणजे, तिला ते ठाऊक नव्हतं. रोजच्यासारखी ती दोन पावलं पुढे आली, कंदील उंच धरून बायकांकडे पाहत मान लववली, आणि आता कुठे जाऊ असं विचारत उभी राहिली.

मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. स्वप्नाने उठून धुळीचं कापड पडद्यावर फेकलं.

“मॅडम, तुम्हीच बंद करा. मला त्याला हात नाय लावायचा.”

शीलाने बटण दाबलं. मग ओलं फडकं आणून माउस पुसला, टेबल पुसलं, काच पुसली. पुसता पुसता तिचा हात थांबला. ही काच ती रोज सकाळी पुसायची. गेले कित्येक दिवस काचेवर तेलकट बोटांचे ठसे असायचे. ते नेहमी काचेच्या मधोमधच का असायचे, याचा तिने कधी विचार केला नव्हता. आता तो आपोआप आला. तिने फडकं खिडकीतून बाहेर टाकून दिलं आणि जिन्यातल्या नळावर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले. तरी ते धुतल्यासारखे वाटेनात.

ओतूरला एसटी स्टँडच्या मागे, खत-बियाणांच्या दुकानावरच्या खोलीत भरतशेठचा कॉम्प्युटर क्लास होता. खालून औषधांचा उग्र वास वर यायचा. चपला जिन्यातच काढायच्या. मशीनला धूळ चालत नाही. संध्याकाळी पोरं यायची. सकाळची बॅच बायकांची, आणि ती शीलाने गावोगाव फिरून जमवलेली. केशरबाई निमगाव साव्याच्या अंगणवाडीत होत्या. वरच्या पदासाठी त्यांना सरकारी कॉम्प्युटर परीक्षा द्यायची होती. स्वप्ना त्यांची पुतणी, बी.कॉम. झालेली, नोकरीच्या शोधात. प्राचीचं लग्न ठरलं होतं आणि ‘मुलगी कॉम्प्युटर शिकते’ असं पाहुण्यांना सांगितलेलं होतं. आणखीही काही जणी होत्या. “माझ्या भरवशावर पाठवा,” असं शीलाने प्रत्येकीच्या घरी, ओसरीवर बसून सांगितलं होतं. हळू बोलणारी, कपर्दिकेश्वराला पाणी घातल्याशिवाय चहासुद्धा न घेणारी ही बाई. तिच्या शब्दावर सासऱ्यांनी सुना धाडल्या होत्या.

खेळ कुठल्यातरी जुन्या सीडीतून आलेला. नायिकेचं नाव इंग्रजी, कुणाच्या तोंडात न बसणारं, म्हणून बायकांनी तिला रानबाई म्हटलं. गावाची हरवलेली घंटा शोधायला ती एकटीच निघालेली असते. वाटेत बोलणारा कावळा भेटतो, राक्षस भेटतो, नदीकाठी आंधळी म्हातारी भेटते. माउसने जिथे टिचकी मारावी तिथे ती जाते, दिसेल ते उचलते, आणि ज्याला जे हवं ते देऊन पुढची वाट मिळवते. खुरपून, कांदा काढून ताठलेल्या बोटांना माउस शिकवायला शीलाला याहून चांगलं काही सापडलं नव्हतं. ‘क्लिक करा’ म्हटलं की बायका बिचकायच्या. ‘रानबाईला ओढा ओलांडून द्या’ म्हटलं की बिनचूक द्यायच्या.

“अगं, आधी म्हातारीला भाकर दे. उपाशी माणूस वाट सांगंल व्हय?”

“आन् मग राक्षसाला काय देऊ? नवरा?”

“दे की. दोन दिसात परत आणून सोडंल.”

पडक्या देवळातलं फूल घ्यायचं तर रानबाईला बूट घालूनच आत जावं लागे. बूट काढायची सोय खेळात नव्हती. त्यावर इतका खल झाला की कितीतरी दिवस ती बिचारी पायरीशीच उभी. शेवटी केशरबाईंनी निवाडा दिला होता. “आमच्या विहारातबी चपला भाईरच असत्यात. पर तिचं पाय तरी बघा, काट्याकुट्यातनं आलीय. जाऊ द्या तिला.” मग ती आत गेली, आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला.

त्या रानबाईचं हे केलं होतं.

त्या दिवशी बॅच लवकर सुटली. बायका एकमेकींशी न बोलता चपला घालत होत्या. प्राची जिन्यात थांबली. “मॅडम, आमच्या घरी कळलं तर मला उंबरा ओलांडू द्यायचे नाहीत हो. लग्न आहे माझं.”

शीला खाली दुकानात गेली. भरतशेठ गल्ल्यावर बसून उदबत्ती लावत होता. तिने शब्द शोधत शोधत सांगितलं. तो ऐकत असताना हसू दाबतोय, हे तिला दिसलं.

“ताई, चित्रच हाय ना ते? खरी बाई हाय का?”

“बायका येणार नाहीत, शेठ. कुणी केलंय ते शोधा. मला त्यांना सांगायला हवं.”

“संध्याकाळची पोरं असतील. कुंडलिकला आज लवकर बोलवलंय मंचरवरनं, तो करंल नीट. तुमी नका मनाला लावून घेऊ.”

दुपारी कुंडलिक आला. मशीन दुरुस्त करणारा, संध्याकाळी पोरांची बॅच बघणारा, गुळगुळीत बोलणारा माणूस. शीला आतल्या कोपऱ्यात सतरंजीवर डबा उघडून बसली होती. चातुर्मासात तिचं मौनभोजन असे. आईने लग्नाआधी लावून दिलेलं व्रत. पहिल्या घासापासून हात धुवेपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. निघालाच, तर पानावरून उठायचं आणि त्या दिवशी पुन्हा अन्नाला शिवायचं नाही. क्लासात हे सगळ्यांना माहीत होतं.

भरतशेठ चहाचे पेले घेऊन वर आला. दोघं मशीनपाशी बसले.

“काय राव कुंडलिक, रात्री झाकून ठेवायचं ठरलं व्हतं ना आपलं? सकाळी बायांच्या म्होरं उघडी उभी केली तिला!”

“काल राह्यलं, शेठ. एरवी रोज रात्री कपडे घालूनच जातो की मी तिला.” तो खुदकन हसला. “तुमीच म्हणला व्हता, संध्याकाळला गिऱ्हाईक वाढलं पायजे.”

“हळू बोल. ताई हाय तिकडं.”

“मौन हाय ना त्यांचं?”

“व्हय, जेवताना न्हाई बोलत त्या. देवमाणूस हाय.” भरतशेठने फुर्रकन चहा ओढला. “चालू दे तुझं.”

शीलाच्या हातात भाकरीचा तुकडा होता. तो तिने तोंडात घातला, आणि तो तिथेच फिरत राहिला. म्हणजे रोज. रोज संध्याकाळी हे लोक त्या पोरीला उघडी करत होते, आणि रोज रात्री परत अंगरखा घालून सकाळी बायकांपुढे आणून उभी करत होते. तीच ती. तिलाच आम्ही ओढा ओलांडून देत होतो, तिच्या पायातल्या काट्यांची काळजी करत होतो. शीलाला तो घास थुंकून टाकावासा वाटला. पण अन्न थुंकायचं नसतं.

आयुष्यात तिने असं पुष्कळ गिळलं होतं. एसटीत मांडीला रेटणारा गुडघा. नणंदेच्या लग्नात वाढताना मामेसासऱ्यांनी वाटी धरायच्या निमित्ताने धरलेलं मनगट. तेव्हाही ती काही बोलली नव्हती. घरी येऊन फक्त मनगट घासलं होतं, राखेने, लाल होईपर्यंत.

“शेठ, नवा स्कॅनर आलाय तुमचा,” कुंडलिक म्हणत होता. “कुणाचंबी तोंड बसवता येतंय हिच्या अंगावर. परीक्षेसाठी बायांनी फोटो दिल्यात ना? ती निमगावची, लई तोऱ्यात असती. स्वप्ना. तिचं बसवू का? संध्याकाळची खोली पुरायची न्हाई बगा.”

भरतशेठ हसला. “गप रे, मार खाशील.” आणि मग, आवाज खाली आणून, “हुबेहूब बसतं व्हय?”

शीलाने तोंडातला घास गिळला.

“शेठ,” ती म्हणाली, “फोटोंचं पाकीट द्या.”

दोघं दचकून वळले. तिचा आवाज नेहमीसारखाच होता, हळू. भिंतीवरची पाल बोलली असती तरी ते इतके दचकले नसते.

“ताई, तुमचं मौन...”

“मोडलं. पाकीट द्या.”

तिने डब्याचं झाकण लावलं आणि हात धुवायला उठली. तिला उठताना पाहिलं आणि भरतशेठचा चेहरा खरोखर उतरला.

“अवो, उठू नका! पानावरनं उठू नका, ताई. आमी गंमत करत व्हतो. कुंडलिक, भडव्या, तुझ्यापायी झालं हे! व्रताच्या बाईला उपाशी उठवलं, आता कुठं फेडू मी हे पाप?” तो खरंच हात जोडून पुढे आला. “फराळाचं चालंल का? केळी आणतो. दूध आणतो. घरात लेकरं हायेत माझ्या, ताई, शाप नका देऊ.”

शीला त्याच्याकडे पाहत राहिली. आतापर्यंत जी शिसारी आली होती ती काहीच नव्हती, असं तिला वाटलं. स्वप्नाचं तोंड कुठे बसवायचं हे बोलताना याच्या कपाळावर आठी नव्हती. तिच्या एका वेळच्या जेवणासाठी मात्र डोळ्यांत पाणी आलं होतं. तेही खरं पाणी. देव जणू फक्त तिच्या डब्यावर लक्ष ठेवून बसला होता. बाकी खोलीत काय चाललंय ते त्याला दिसत नव्हतं.

“शाप कसला देणार मी,” ती म्हणाली. “पाकीट द्या. आणि हा खेळ सगळ्या मशीनवरून काढून टाका. माझ्यासमोर.”

“नुसता तेवढा भाग काढतो की,” कुंडलिक पुटपुटला. “खेळ ऱ्हाऊ द्या. सीडीवर चरे पडल्यात, परत न्हाई चढायचा. बाया शिकत्यात त्याच्यावर.”

घंटेपर्यंत पोचायला आता थोडंच राहिलं होतं. नदीपलीकडचा शेवटचा दरवाजा कालच उघडला होता. केशरबाई तर ‘सापडली की पेढे वाटीन’ म्हणाल्या होत्या. पण ज्या अंगरख्याला यांचे हात लागले होते, तो पुन्हा तिच्या अंगावर पाहणं शीलाला शक्य नव्हतं.

“सगळाच काढा.”

मशीनने शेवटी विचारलं, खरंच काढायचा का. कुंडलिकचं बोट थबकलं. शीलाने त्याला बाजूला व्हायला सांगितलं आणि कळ स्वतः दाबली. मग भरतशेठने खालून आणलेलं फोटोंचं पाकीट तिने घेतलं.

“उद्या बायकांना तुम्ही सांगाल, शेठ? कुणी केलं ते?”

“आता तेवढं नका, ताई. माझी अब्रू हाय गावात.”

“मग मी सांगते.”

दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं. काहीही न वगळता, कुणाला नावं न ठेवता, पोथी वाचावी तशा एकसारख्या आवाजात. सांगताना तिने प्रत्येकीचा फोटो जिच्या तिच्या हातात दिला. ऐकायला आल्या होत्या थोड्याच. प्राची आली नव्हती. तिचा फोटो शीलाने पदराच्या गाठीत बांधला. स्वप्ना आपल्या फोटोकडे बराच वेळ पाहत होती.

“स्वप्ना, तू जुन्नरच्या क्लासला जा,” शीला म्हणाली. “मी ओळख देते. तुम्हीपण, केशरबाई. मला वाईट वाटणार नाही.”

“आन् ह्यो?” केशरबाईंनी खाली बोट दाखवलं. “ह्यो इथंच बसंल? उदबत्ती लावीत?”

“मी कुठं जायची नाय,” स्वप्ना म्हणाली. तिने फोटो ब्लाउजच्या आत ठेवला. “तोंड माझं आहे. मी हितंच बसणार, त्याच्या डोक्यावर. परीक्षेला फोटो लागंल तेव्हा हातात घेऊन जाईन, आणि हातात घेऊन येईन.”

“आणि खेळ?” मागून एकीने विचारलं. “घंटा कुठं व्हती मग?”

“मलाही माहीत नाही,” शीला म्हणाली. “मीसुद्धा तिथवर गेले नव्हते.”

संकष्टी त्याच आठवड्यात होती. भरतशेठ अनवाणी लेण्याद्री चढून आला. बायकांची बॅच चालू असतानाच तो वर आला, कपाळाला गंध, हातात केळीच्या पानावर पेढे. आवाज मऊ करून म्हणाला, “गिरिजात्मजाचा प्रसाद हाय. सगळ्यांच्या नावानं अभिषेक केला. ताई, तुमच्या नावानं तर येगळा.”

तो पहिल्या मशीनपाशी गेला. केशरबाईंचे हात कळांवर होते. ते तिथेच राहिले. दुसऱ्या मशीनवरची बाई पडद्याकडे पाहत राहिली. स्वप्नाने मान वर करून त्याच्याकडे सरळ पाहिलं, आणि तोच खाली बघू लागला. तसाच तो पान घेऊन एकेकीपुढून गेला आणि शेवटी शीलापुढे येऊन थांबला.

शीलाने आजवर प्रसादाला कधी नाही म्हटलं नव्हतं. रस्त्यात पडलेलं खोबरंसुद्धा ती उचलून कपाळाला लावायची. तिचा उजवा हात सवयीने निम्मा उचलला गेला.

“तिथं ठेवा,” ती म्हणाली.

तो पान खिडकीत ठेवून निघून गेला. जिन्यात त्याची अनवाणी पावलं थोडा वेळ वाजली. शीलाने डोक्यावरचा पदर नीट केला. खालून औषधांचा वास येत होता. खिडकीतल्या पानावर पहिली मुंगी चढली, थांबली, आणि मागच्या मुंग्यांना सांगायला उलटी फिरली.

“हं,” शीला बायकांना म्हणाली, “पुढचं पान उघडा.”