खांबावर गेलेला करंट

वर्षावासात, पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, सुंदराबाईंच्या घरी रोज दुपारी ग्रंथवाचन चाले. एकही दिवस खाडा पडू द्यायचा नाही, हा त्यांचा नेम.

त्या मंगळवारी नेमकी त्यांच्या आणि शेजारच्या इंदूबाईंच्या घराला खांबावरून येणारी एकच तार तुटली. लायनमनचा जोडीदार खुशालरावानं डीपीवरचा, म्हणजे ट्रान्सफॉर्मरच्या पेटीतला फ्यूज काढून दिला आणि लायनमन संघपाल समोरच्या खांबावर चढला. आत वाचनाला जमलेल्या बायका उकाड्यानं हैराण. सुंदराबाईंनी लेकानं आणलेला जनरेटर पुढं ओढला, दोन्हीकडे पिना असलेली वायर भिंतीतल्या सॉकेटात खोचली, चालू केला. आधी मेन स्विच पाडायचा, नाहीतर करंट उलटा खांबावर जातो, हे लेकानं दहादा बजावलं होतं. वाचनाच्या घाईत राहूनच गेलं.

पंखा फिरला. खिडकीतून दिसणारा इंदूबाईंचाही फिरला.

"आली वं लाइट," कोणीतरी म्हणालं, आणि बाहेर संघपाल धपकन पडला.

बायका बाहेर धावल्या. सुंदराबाईंनी जनरेटर बंद केला, तसा शेजारचा पंखाही थांबला. पाहणाऱ्या त्या एकट्याच.

संघपालचा हात मोडला, जीव वाचला. बोल आला खुशालरावावर : यानंच फ्यूज परत लावला. "मी हात नाई लावला," तो सांगत राहिला. कोणी ऐकलं नाही; त्याला कामावरून घरी बसवलं.

सुंदराबाई पहाटे पंचशील म्हणत. खोटं न बोलण्याच्या शीलापाशी आवाज अडे. आपण खोटं कुठं बोललो, नुसतं गप्प राहिलो, असं त्या मनाला समजावत. मन समजेना.

नवव्या दिवशी त्या संघपालच्या घरी गेल्या. सगळं सांगितलं.

"मेन पाडला होता का मावशी?"

"नाई रे बापा."

त्यानं प्लास्टरमधला हात मांडीवर ओढून घेतला.

"खुशालभाऊ मले पाहाले आला होता. मी त्याले दारातूनच वापस धाडला."

"मले काय बोलाचं ते बोल."

"तुमाले बोलून काय करू? चेंजओव्हर स्विच बसोल्याबिगर त्या मशीनले हात नका लावू. तो असला का घरची लाइन एक तं खांबावरची, नाई तं जनरेटरची. दोन्ही एका टायमाले नाई."

"बसोतो. अन् लाइटीच्या ऑफिसात लिहून देतो मी."

"त्याच्या अगुदर हे."

त्यानं डाव्या हातानं नंबर लावला आणि फोन त्यांच्यापुढं धरला. पलीकडून खुशालरावाचा दबका आवाज आला, "बोल संघपाल."

"संघपाल नाई," सुंदराबाई म्हणाल्या, "मी सुंदराबाई. खुशालराव, त्या दिवशी करंट माया घरून गेला."