पर्यायी प्रतिनिधी

"हे रकमन कोण?" कोलंबसच्या सरकारी कार्यालयातल्या बाईंनी फोनवर विचारलं.

"आमचे नवे मॅनेजर. टॉड रकमन. ऑक्टोबरपासून आहेत."

"असतील. पण आमच्या यादीत तुमच्या प्लान्टचे प्रतिनिधी एम्लिन प्रॉसर आहेत. अर्जावर सही त्यांची हवी. ही चालणार नाही. म्हणजे अर्ज आलाच नाही असं मला धरावं लागेल."

वेल्डा कोसारिकने कॅलेंडरकडे पाहिलं. शुक्रवार, एकोणतीस डिसेंबर. मुदत एक तारखेची, आणि एक तारखेला सुट्टी.

"आज आणून दिला तर?"

"पाचला मी खिडकी बंद करते. पाच मिनिटं जास्त मागू नका, घरी पाहुणे यायचेत."

सव्वाबारा वाजले होते. कोलंबस अडीच तासांवर होतं. बर्फ पडला तर जास्तच.

ओहायो नदीकाठचा तो छोटा वीज प्लान्ट गावाच्याच मालकीचा होता. कोळशावर चालणारे दोन बॉयलर आणि पन्नास-साठ माणसं, एवढाच पसारा. आम्लपावसाचा कायदा आल्यापासून चिमणीतून गंधकाचा धूर सोडायलाही परवाना लागत होता, आणि त्या अर्जावर कुणीही सही केलेली चालत नसे. प्रत्येक प्लान्टने एका माणसाचं नाव वॉशिंग्टनला कळवायचं. सगळी जबाबदारी त्याच्या डोक्यावर. माणूस बदलला तर नवं प्रमाणपत्र पाठवायचं. ते पोहोचेपर्यंत जुनंच नाव खरं.

ते नवं प्रमाणपत्र वेल्डाच्या खणात पडून होतं.

ऑक्टोबरात जुन्या मॅनेजरला, एम्लिन प्रॉसरला, घरी बसवलं. तो फेरीवर निघायचा आणि कुठे निघालो ते विसरून जिन्यात उभा राहायचा. शेवटच्या दिवशी कपाट रिकामं करताना त्याने विचारलं होतं, "कागदावर तरी मी आहे ना गं अजून?" ती म्हणाली होती, "आहात, बॉस." त्या आठवड्यात तिला ते पाकीट टपालात टाकवलं नाही. पुढे थँक्सगिव्हिंगची सुट्टी आली, बॉयलरची दुरुस्ती निघाली. अर्ज गेला त्या दिवशी ती फ्लूने घरी होती. आपलं नाव कधीच लागलंय अशा समजुतीने टॉडने सही ठोकली आणि अर्ज पाठवून दिला. सत्तावीस वर्षांच्या नोकरीत वेल्डाने दाबून ठेवलेला तो एकमेव कागद.

तिने तो टॉडच्या टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. टॉडचे कान लाल झाले.

"अर्ज चुकला तर रोजचा दंड बसेल. गावाला तर प्लान्ट विकायला निमित्तच हवंय." तो थांबला. "थांब, जुन्या प्रमाणपत्रावर दुसरं नाव तुझंच आहे ना? पर्यायी प्रतिनिधी? म्हणजे त्याच्याऐवजी तुझीही सही चालते. मग तूच कर की."

"मी कारकून आहे, टॉड."

"घोळ घालताना कोण होतीस?"

पर्यायी म्हणून तिचं नाव एम्लिननेच घातलं होतं, पण तिने कधी सही केली नव्हती. सहीच्या वर एक वाक्य छापलेलं असे: यातला मजकूर मी स्वतः तपासला आहे, मला त्याची पूर्ण माहिती आहे, खोटं निघाल्यास दंड व कैद. ते वाक्य तिने इतरांसाठी कितीतरी वेळा टाइप केलं होतं. स्वतःच्या नावावर एकदाही नाही, आणि आजही करायचं नव्हतं. तिने अर्ज बिनसहीचा पुन्हा छापला, गाडीची किल्ली घेतली आणि एम्लिनच्या घरी निघाली.

दार त्याच्या मुलीने, ग्लेनिसने उघडलं.

"बरा दिवस आहे आजचा. आईला दोनदाच हाक मारली." तिची आई जाऊन सहा वर्षं झाली होती.

एम्लिन स्वयंपाकघरात नाताळच्या उरल्यासुरल्या हॅमचं सूप पीत बसला होता.

"काय गं, दोन नंबरच्या बॉयलरची नळी परत गळली?"

"नाही बॉस. सही हवीय."

त्याने सूपचा वाडगा सरकवला, हात पुसले, चष्मा लावला. "पानं किती?"

"अकरा."

"मग बस खाली. अशी दारात उभी राहिलीस की कुणीतरी मेल्यासारखं वाटतं."

तो एकेका ओळीवर बोट ठेवून वाचू लागला. तिसरं पान संपल्यावर पुन्हा पहिल्यावर गेला. एक वाजला. वेल्डा उठली, खिडकीशी गेली, परत येऊन बसली. बाहेर बारीक बर्फ सुरू झाला होता.

"बॉस, शेवटचं पान घेऊ या का आधी?"

"शेवटच्या पानावर काय लिहिलंय?"

"स्वतः तपासलंय म्हणून."

"मग?"

ग्लेनिसने तिला सिंकजवळ ओढलं. "अगं, सही तो अजून झोकात करतो. काल चर्चच्या पत्रिकेवर उगाच चारदा केली. पेन दे हातात, करून टाकेल."

वेल्डाने घड्याळ पाहिलं. मग शेवटचं पान उघडलं आणि त्यावर पेन ठेवलं. ठेवताना तिने एम्लिनकडे पाहिलं नाही.

त्याने पेन उचललं, टोक रेघेपर्यंत नेलं आणि तिथेच थांबवलं.

"दोन नंबरचा बॉयलर कुठल्या साली सुरू झाला?"

"अठ्ठावन्न."

"आत्ताच वाचलं का मी ते?"

"हो. तिसऱ्या पानावर." तिला पुढचं बोलायचं नव्हतं, पण तोंडून निघून गेलं. "तुम्हीच पेटवला होतात, बॉस."

एम्लिनने पेनाला टोपण लावलं.

"मग मला माहिती आहे असं कसं लिहू?"

"आज सही झाली नाही तर अर्ज बाद होईल. चूक माझी आहे. तुमचं नाव काढायचा कागद मी दाबून ठेवला."

"कधीपासून?"

"ऑक्टोबरपासून."

"मला बरं वाटावं म्हणून?"

तिने अर्जाची पानं उगाच सारखी केली.

"वेडी बाई. सांगितलं असतंस तर वाटलं तरी असतं." तो हसला. मग त्याने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. पूर्वी पाळीवर उशिरा आलेल्याकडे पाहायचा, तसं. "माझ्या नावाखाली तुझं घातलंय ना मी? मग तू वाच."

"मला पाठ आहे, बॉस. मीच टाइप केलंय."

"मीही असंच म्हणायचो. वाच."

टेबलाचा आधार घेत तो उठला. उजेडाकडची आपली खुर्ची त्याने तिच्यासाठी ओढून धरली, ती बसल्यावर पुढे सरकवली आणि मागे उभा राहिला. वेल्डाने पहिलं पान घेतलं. सुरुवातीला डोळे नुसते धावत होते. तिसऱ्या पानावर तिने बोट ठेवलं. मग ती खरोखरच वाचू लागली.

पावणेदोनला तिने सही केली. अक्षर वाकडं आलं, पण नाव वाचता येत होतं.

बर्फामुळे गाड्या रांगत होत्या. डॅशबोर्डवरच्या घड्याळाकडे पाहायचं नाही असं ठरवून ती दर मिनिटाला पाहत होती. पाचला सात कमी असताना ती खिडकीशी पोहोचली. अंगात कोट चढवलेल्या बाईंनी यादीवरून नख फिरवलं.

"कोसारिक, व्ही. पर्यायी. आहे." त्यांनी शिक्का मारला. "आधीच तुम्ही सही केली असतीत तर एवढी धावपळ झाली नसती."

"हो," वेल्डा म्हणाली.

खाली दाराशी सार्वजनिक फोन होता. गारठलेल्या बोटांनी तिने नाणी टाकली आणि एम्लिनच्या घरचा नंबर फिरवला. ग्लेनिसने उचलला.

"झालं. घेतला त्यांनी. बॉसना दे जरा, मी सांगते."

"येत नाहीये तो," ग्लेनिस अगदी हळू आवाजात म्हणाली. "खुर्चीमागे उभा आहे. तू गेल्यापासून तिथेच. मला टेबल लावायचंय, तर जवळ फिरकू देत नाही. म्हणतो, गप्प बसा, वेल्डा वाचतेय."

वेल्डाने रिसीव्हर कानाशी तसाच धरून ठेवला. पलीकडे त्या स्वयंपाकघरात कसलाच आवाज नव्हता.